टॉफीचे आठ दिवस

आप्पा पिंजरा हातात घेऊन मागच्या दारात उभे होते आणि उंबऱ्याच्या मधोमध टॉफी बसली होती. पिंजऱ्यात उंदीर होता. टॉफी भुंकत नव्हती, गुरगुरत नव्हती. नुसती थरथरत होती, चालू मोटारीवर ठेवलेल्या पेल्यासारखी.

"बाई, जरा बाजूला व्हा," आप्पा म्हणाले.

माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याशी बोलत होते, आणि तेही अहो-जाहो करून.

"आप्पा, टॉफी म्हणा की. नाव आहे तिला."

"कालच आली नव्हं? लगेच नावानं हाक मारायला ओळख कुठं झालीय आमची."

टॉफीनं दोघांकडेही बघितलं नाही. शेवटी मी तिला पोटाखालून उचललं. एवढंसं पांढरं कुत्रं, पण हातात दाबलेली स्प्रिंग धरल्यासारखं वाटलं.

"तूही चल," आप्पा म्हणाले. "तिला फिरवायचंच आहे ना. पण वीस पावलं मागं राहा. शिकारी नि शिकार एकाच वेळी एकाच माणसानं फिरायला न्यायची, हे मला जमायचं नाही."

ही जयसिंगपूरची, एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. मी तेव्हा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाची गाडी आली की आधी भरलेलं वजन, रिकामी होऊन निघाली की मोकळं वजन, वजाबाकी केली की निव्वळ ऊस. सतरा हंगाम हेच केल्यावर माणसांचं बोलणंही मी तसंच घ्यायला लागले होते. टॉफीला आणायचं ठरलं तेव्हा माझे यजमान जिनपाल म्हणाले, "आप्पांना सोबत होईल." हे झालं भरलेलं वजन. त्यातून गाडी वजा केली की निव्वळ उरायचं ते एवढंच, की आप्पांशी बोलायचं काम आपल्या अंगावरून जाईल. माझं निव्वळ फार वेगळं होतं असं नाही.

कारण आप्पा निघाले होते. आठ महिन्यांपूर्वी आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई गेल्या. त्यानंतर आप्पांचं बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. सूर्यास्ताआधी जेवायचं हे आमच्या जैनांच्या घरात सगळ्यांनाच, पण आप्पा संध्याकाळी पानावर येईनासेच झाले. दसऱ्याला त्यांनी सांगून टाकलं, "पाडवा झाला की मी बाहुबलीला आश्रमात राहायला जातो. खोली बघून ठेवलीय." भांडून नव्हे, रुसून नव्हे. एसटीची वेळ सांगावी तसं. तीस वर्षं डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटली किती वाजता आणि परत आली किती वाजता, हेच लिहीत आले. त्यांची पत्र्याची पेटी खोलीत भरून तयार होती. जिनपालांनी दोनदा समजावलं, मी चारदा. ते ऐकून घेत आणि मान हलवत, चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखे.

तेवढ्यात पुण्याहून माझ्या नणंदेची मुलगी पूर्वा आली. तिला जर्मनीला जायचं होतं आणि तिच्या चार वर्षांच्या कुत्रीला घर हवं होतं. "जॅक रसेल टेरियर आहे, मामा. आठ दिवस ठेवून बघा. नाही जमलं तर कोल्हापूरचं एक घर तयार आहे. पुढच्या रविवारी नक्की सांगा."

जिनपालांचं पाण्याच्या पंपांचं दुकान. अर्ध्या एचपीचा पंप पाच एचपीपेक्षा कमी आवाज करतो, तसंच कुत्र्यांचं असणार असा त्यांचा हिशोब. लहान कुत्रं, लहान व्याप. पहिल्याच दुपारी टॉफीनं गवती चहाचं आळं मुळासकट उकरलं आणि आमच्या आठव्या गल्लीतून गेलेल्या प्रत्येक सायकलीची हजेरी घेतली. आप्पा तेव्हा झोपाळ्यावर बसून बघत होते.

"हे मोठं झाल्यावर केवढं होणार?" त्यांनी विचारलं.

"झालंय मोठं. एवढंच राहणार."

"बरं आहे. घरात एकानं तरी मापात राहावं." एवढं बोलून ते आत गेले. पण तेवढं तरी बोलले, म्हणून मी टॉफीच्या बाजूला एक गुण मांडून ठेवला.

आता त्या पिंजऱ्याचं सांगते. आमच्या घरात उंदीर मारत नाहीत. पिंजऱ्यात धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. खोबऱ्याचा तुकडा अडकवायचं काम आत्तींचं, सोडायला जायचं आप्पांचं. आत्ती गेल्यावर खोबरंही आप्पाच अडकवायला लागले. घराबाहेर पडायचं त्यांचं तेवढं एकच काम उरलं होतं. ते कुठवर जातात, काय करतात, हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या रविवारी वीस पावलं मागून बघितलं.

ते स्टेशनवरून पुढं गेले, रूळ ओलांडले, शिरोळच्या रस्त्याला लागले. दीड मैल चाललो असू. ओढ्याच्या पुलावर त्यांनी पिंजरा कठड्यावर ठेवला, खिशातून औषधाची एक बाटली काढली, कापूस गुंडाळलेली काडी तिच्यात बुडवली आणि तारांतून बाहेर लोंबणाऱ्या शेपटाच्या अगदी शेंड्याला हलकेच ठिपका दिला. निळा.

मी वीस पावलं विसरले. "आप्पा, हे काय?"

"पंपाचा रंग. जिनपालच्या दुकानातला. त्याला सांगू नको."

"पण उंदराला कशाला?"

त्यांनी पिंजऱ्याचं दार वर केलं. उंदीर एक क्षण थांबला आणि उसात गेला. माझ्या हातात टॉफीचा पट्टा इतका ताणला गेला की बोटं पांढरी पडली. आप्पांनी घड्याळ बघितलं, खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहिलं.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "तुझ्या आत्तीचं काय म्हणणं होतं, ठाऊक आहे ना?"

गल्लीलाही ठाऊक होतं. आत्ती म्हणायच्या, तुम्ही ज्याला सोडता तोच परत येतो. पाय मोकळे करतो नि जेवायला घरी येतो. आप्पा म्हणायचे, एवढ्या लांबून येणं शक्य नाही. लग्नानंतर ते गल्लीच्या कोपऱ्यावर सोडत. आत्ती हसल्या म्हणून स्टेशनपर्यंत गेले, पुन्हा हसल्या म्हणून रुळांपलीकडे, आणि असं करत करत चाळीस वर्षांत ओढ्यावर पोचले होते.

"शेवटी दवाखान्यातसुद्धा म्हणाली, आता एवढं तरी कबूल करा, तोच येतो म्हणून. मी म्हटलं, पुरावा काय?" आप्पा पिंजऱ्याचं दार उगाच उघडझाप करत राहिले. "असं कुणी बोलतं का दवाखान्यात."

मी टॉफीचा पट्टा मनगटाला गुंडाळला.

"म्हणून ही डायरी. सुटलेल्यांच्या नोंदी एक्केचाळीस. परतीचा रकाना बघ."

परतीचा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता.

"म्हणजे तुमचंच खरं झालं की, आप्पा."

"झालं ना. तीच पंचाईत आहे. सांगू कुणाला? त्यापेक्षा एखादा जरी परत आला असता, तर म्हटलं असतं, तुझं बरोबर होतं गं." त्यांनी डायरी मिटली. "दोन पानं उरलीत. पाडव्यापर्यंत जेवढे होतील तेवढे. मग वही बंद, मी मोकळा."

येताना ते पुढं आणि मी मागं. टॉफी तेवढी वळून वळून उसाकडे बघत होती.

सोमवारी मी तिला जनावरांच्या डॉक्टर मुजावर बाईंकडे नेलं. बाईंनी तिला काट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे.

"कुत्रं कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी. चौऱ्याहत्तर वय आहे. मांडीवर घेऊन बसायला."

"मग मांजर घ्यायचं होतं." बाईंनी टॉफीचे दात बघितले. "ही टेरियर आहे, वहिनी. बिळात शिरून उंदीर-घुशी काढायला वाढवलेली जात. एवढी लहान आहे ती बिळात मावायला, तुमच्या सोफ्यात मावायला नव्हे. दिवसाला दीड तास चालवाल? रोज? नाही तर कंटाळून घर उकरेल."

"आळं उकरून झालंय. पण आमच्यात उंदीर मारत नाहीत हो."

"तिच्यात मारतात." मग माझा चेहरा बघून हसल्या. "बहुतेक ती वेळच येणार नाही. हिचा वास लागला की उंदीर आपणहून घर बदलतात. खायला काय घालणार? अंडं?"

"नाही."

"मग पनीर, डाळी, काय काय ते लिहून देते. जमतं, पण नेम पाळावा लागतो. बघा, जात चांगलीच आहे. तिला तुमचं घर चांगलं का, ते तुम्ही ठरवा."

उंदीर घर बदलतात हे त्यांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं. मीही तशीच घेऊन घरी आले. तिचा अर्थ मला बुधवारी कळला.

मंगळवारी पिंजरा रिकामा. बुधवारी रिकामा. खोबरं जसंच्या तसं. कोठीतली खुडखुड थांबलेली, आणि टॉफी आपली चारही कोपरे रोज दोनदा तपासून येत होती, बदली होऊन आलेल्या कडक फौजदारासारखी. बुधवारी आप्पा घराबाहेर पडले नाहीत. गुरुवारी सकाळी त्यांनी पिंजऱ्यातलं खोबरं काढून टाकलं.

"राहू दे आता," ते म्हणाले. "उंदरांनीही घर सोडलं."

दुपारी ते अर्ध्या भाकरीवर उठले. मी दुकानात गेले आणि जिनपालांना सांगितलं, "टॉफीला कोल्हापूरला जाऊ दे. आपल्या घराला ही जात योग्य नाही."

"का गं? काल माझ्या पायाशी किती शहाण्यासारखी बसली होती."

"तुमची चप्पल खात होती."

त्यांनी खाली वाकून चप्पल बघितली आणि पुढं वाद घातला नाही.

मी माझा काटा पुन्हा लावून बघितला. आप्पांना गुंतवायला कुत्रं आणलं, आणि ज्या एका धाग्यानं ते गुंतलेले होते तोच कुत्र्यानं तोडला. टॉफी रविवारी गेली तरी तिचा वास महिनाभर राहणार, आणि पाडवा तर दोन आठवड्यांवर. एक उंदीर परत आला पाहिजे होता. एकच. परतीच्या रकान्यात एक नोंद पडली की वही बंद करता येणार नाही. एक आला तर दुसराही येत असेल, ही शंका आप्पांना बाहुबलीला बसू देणार नाही. तीस वर्षांच्या कंट्रोलरला मी तेवढी ओळखून होते.

आमच्या काट्याच्या केबिनमध्ये उंदरांची वाण नव्हती. पावत्या कुरतडतात म्हणून तिथंही पिंजरा असे. तशीच दुकानातून कारखान्यावर गेले आणि सुटताना तो पिंजरा पोत्यात गुंडाळून स्कूटीवर पायापाशी ठेवून घरी आणला. उंदीर मळीच्या वासात वाढलेला, आमच्या घरच्या उंदरांच्या दीडपट. पण उंदराला माप लावून कोण बघतं, असं मी मनाला सांगितलं.

आप्पा आरतीला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेले होते. भारनियमनामुळे गल्लीभर लाइट नव्हती. कोठीत मेणबत्ती लावून मी दोन पिंजऱ्यांची तोंडं एकमेकांना भिडवली, आमच्या पिंजऱ्यावर चादर टाकली, तेव्हा उंदीर अंधाराकडे आपसूक सरकला. आप्पांच्या फळीवरची बाटली आणली. शेपटाच्या शेंड्याला ठिपका द्यायचा होता, पण तो सारखा गिरकी घेई, तेव्हा अर्धं शेपूट निळं झालं. टॉफी माझ्याशेजारी तारांना नाक लावून बसली होती. दोनदा तिला ढकललं, तिसऱ्यांदा नाद सोडला. ती भुंकली नाही एवढं पुष्कळ होतं. बाटली जागेवर ठेवली, केबिनचा पिंजरा स्कूटीवर नेऊन ठेवला आणि हात रॉकेलनं धुतले.

शुक्रवारी सकाळी मी चहा ठेवत होते. कोठीचं दार वाजलं.

"वैजयंता," आप्पांनी हाक मारली. "इकडं ये."

ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले होते. टॉफी त्यांच्या गुडघ्याला टेकून.

"बघ."

"अगं बाई," मी म्हटलं. "निळं आहे की."

"निळंच आहे." त्यांनी बोटाच्या टोकानं ते शेपूट चाचपलं, मग बोट नाकाजवळ नेलं. मग टॉफीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. "जरा खोबरेल तेल दे."

"कशाला?"

"बाईंच्या नाकाला घाण लागलीय."

उपरण्याचं टोक तेलात भिजवून त्यांनी तिचं नाक पुसलं. तीही मुकाट्यानं पुसून घेत होती. परत कुठलं तरी आळं उकरलं असणार, असं मी धरून चालले. शिवाय माझं लक्ष आप्पांच्या तोंडाकडे होतं. काही तरी म्हणतील, हसतील, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. त्यांनी डायरी काढली, सावकाश लिहिलं, खिशात ठेवली.

"म्हणजे आत्तींचंच खरं," मी म्हटलं.

"आला खरा," ते म्हणाले. आणि एका हातात पिंजरा घेऊन दुसऱ्या हातानं त्यांनी खुंटीवरचा पट्टा काढला. "चला बाई."

"आप्पा, शिकारी नि शिकार एकाच वेळी?"

"असू दे. त्यांची ओळख झालेली दिसतीय."

दोन तासांनी परत आले ते पिंजरा मोकळा आणि टॉफी चिखलात लडबडलेली. त्या दिवशी सूर्यास्ताआधी आप्पा पानावर येऊन बसले आणि दुसरी भाकरी मागून घेतली. जिनपालांनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीकडे बघत राहिले. वजन बरोबर उतरलं होतं.

रविवारी दुपारी पूर्वाचा फोन यायचा होता. जिनपालांनी टॉफीची सतरंजी गुंडाळायला घेतली.

"हे काय चाललंय?" आप्पांनी झोपाळ्यावरून विचारलं.

"कोल्हापूरला पाठवतोय तिला. वैजयंता म्हणते, आपल्या घराला ही जात योग्य नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे तिचं. हिच्या पोटात काही राहत नाही. सगळं तोंडावर दिसतं. आपल्या घरात अवघड जाईल तिला."

"म्हणजे पाठवू?"

"म्हणूनच राहू दे. घरात एक तरी तसं असावं."

जिनपाल हसले, मीही हसले. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात थोडी गाडी जास्तच भरते, असं समजून मी ते सोडून दिलं.

"आणि पाडव्याचं?" जिनपालांनी भीत भीत विचारलं. "तुमची पेटी?"

"पेटीतली धोतरं काढून दे. आता परतीची फेरी चालू झालीय. कंट्रोलरनं जागा सोडून कसं चालेल?"

त्यानंतर आमच्या घरात उंदीर आला नाही. पिंजरा माळ्यावर गेला. आप्पा मात्र रोज सकाळी ओढ्यापर्यंत जात राहिले, पट्टा हातात घेऊन, ऊन असो, थंडी असो. वाटेत भेटणाऱ्याला ते टॉफीची ओळख "आमच्या बाई" अशी करून देत. टॉफी हे नाव त्यांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. आठ वर्षांनी ते गेले. त्यांच्यामागं दोन वर्षांनी ती गेली, तोवर रोज सहाच्या सुमारास मागच्या दारात जाऊन बसायची.

पत्र्याची पेटी आम्ही गेल्या महिन्यात उघडली. आत खोबरेल तेलाचा निळसर डाग पडलेलं एक उपरणं होतं आणि त्यात गुंडाळलेली डायरी. एक्केचाळीस नोंदी मी पूर्वी बघितल्या होत्या. पान उलटलं. पुढं एकच होती, डेपोच्या सरळ अक्षरात:

"४२. सुटला: नोंद नाही. परत: शुक्रवार, सकाळी ६.१०. शेरा: रंग ओला, शेंड्याऐवजी अर्ध्या शेपटाला. मळीचा वास. तोच रंग बाईंच्या नाकाला. सूनबाईच्या स्कूटीवरून आला असावा."

खाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं होतं:

"एवढ्या लांबून माझ्यासाठी आणला, म्हणजे आला असंच धरावं. तुझं बरोबर होतं गं."